पेटी रिकामी आहे

शिंकान्सेन या बुलेट ट्रेनमधून उतरून आम्ही एका डब्याच्या गाडीत बसलो. डब्यात आमच्याखेरीज गणवेशातली एक मुलगी होती, तीही पुढच्याच स्टेशनवर उतरली. त्यानंतर फक्त नदी आणि सुगीची (देवदारासारखी उंच झाडं) काळसर रांग. मधूनच एखादं घर दिसायचं. त्यांतली बरीच बंद होती.

सोबत मिसाको-सान होत्या. शहरात, ग्योतोकुला, त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पुण्यात असताना मी दैनिकासाठी निवडणुकांच्या बातम्या देत असे, हे त्यांना माहीत होतं. "आमच्या गावचं मतदान बघायचंय का?" असं त्यांनीच विचारलं. त्या आपल्या आईला, तोमि-सानना, कायमचं ग्योतोकुला आणायला निघाल्या होत्या. रविवारी गावच्या सभेची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या मंडळाची, निवडणूक होती. आधी मत, मग प्रवास, ही आईची अट होती.

घरात खोकी बांधून तयार होती. उघडं होतं ते फक्त देवघरासारखं छोटं कपाट. त्यात मिसाको-सानच्या वडिलांचा फोटो होता आणि फोटोला टेकवून मतदानाचं कार्ड ठेवलं होतं. तोमि-सान ठेंगण्या, पाठीतून वाकलेल्या. त्यांनी मुळ्याचं लोणचं आणि मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) गरम सार वाढलं. मी दुसऱ्यांदा लोणचं घेतलं, तसं त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"तुमच्या देशात बोटाला शाई लावतात म्हणे?"

"लावतात. बरेच दिवस जात नाही."

"इथं नाही लावत. इथं पेटी दाखवतात."

पेटीची हकीकत मला त्यांच्याकडूनच कळली. जपानमध्ये मतदान सुरू होण्याआधी पेटीचं झाकण उघडून ती पहिल्या मतदाराला दाखवतात. आत काही नाही, असं त्यानं म्हटलं की मगच कुलूप लागतं. या गावात पहिलं कोण, यावरून दोन घरांत पूर्वीपासून चढाओढ होती. एक हे घर, दुसरं नदीपलीकडच्या इवाओ-सान यांचं. आधी तोमि-सानचे यजमान जात. ते वारल्यावर त्यांच्या जागी या जाऊ लागल्या.

"मागच्या खेपेला तो पहिला आला. सायकलवरून आला. ते काही धरायचं नाही."

रविवारी उजाडण्याआधीच आम्ही चढ चढलो. मतदान केंद्र जुन्या शाळेत होतं. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, पण मतदानासाठी ती उघडतात. धुकं होतं. तोमि-सान दर वळणावर थांबून मागे बघत होत्या. दाराशी कुणी नाही हे दिसल्यावर त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

थोड्या वेळानं इवाओ-सान आले. उंच माणूस. रबरी बूट, ताठ चाल, पाठीवर टोपली.

"काय गं, रात्री इथंच झोपलीस काय?"

"तुझी सायकल पंक्चर होऊ दे, असं देवाला सांगून ठेवलं होतं."

"झाली की. म्हणून तर चालत आलो."

दोघं हसली नाहीत. हे बोलणं बहुधा दर निवडणुकीला होत असावं.

दार उघडलं. चपला काढून पायात सपाता घालायच्या होत्या. माझ्या मापाच्या सपाता नव्हत्या, त्यामुळे मी टाचा बाहेर ठेवून दाराशीच थांबले. मला आत प्रवेश नव्हताच. तोमि-सान टेबलापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. टेबलामागच्या बाईंनी ते तपासलं, पुन्हा तपासलं आणि शेजारी बसलेल्या केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तोमि-सान, तुम्ही गाव सोडल्याची नोंद गेल्या आठवड्यात झाली आहे. गावच्या निवडणुकीत तुम्हाला मत देता येणार नाही."

"मी तर इथंच आहे," तोमि-सान म्हणाल्या.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मिसाको-सान एक पाऊल पुढे गेल्या. "ती नोंद मी केली. तिकडे मदतनीस बाई मिळायला वेळ लागतो, आधी पत्ता बदलावा लागतो. कार्ड घरी आलं होतं, म्हणून मला वाटलं..."

"मग तिथं देईन मी मत," तोमि-सान म्हणाल्या.

"तिथं नाव लागायला तीन महिने राहावं लागतं," बाई म्हणाल्या.

तोमि-साननी कार्ड परत घेतलं. मुलीकडे पाहिलं नाही. त्या बाजूला सरकल्या आणि इवाओ-सानना जागा करून दिली.

इवाओ-सान पुढे झाले नाहीत.

"माझे पाय आज धड नाहीत," ते केंद्रप्रमुखांना म्हणाले. "धरायला कुणीतरी लागेल. हिला सोबत नेतो."

केंद्रप्रमुखांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, टेकडी चढून आल्यावर दाराशी काढून ठेवलेल्या त्यांच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "सोबतीला हरकत नाही."

तोमि-साननी त्यांचं कोपर धरलं. "नीट चाल. पडलास तर मी उचलणार नाही."

पेटी पत्र्याची होती. झाकण उघडलं. इवाओ-सान म्हणाले, "चष्मा घरी राहिला. तू बघ." चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

तोमि-सान वाकल्या. आधीच वाकलेलं शरीर, त्यामुळे डोकं जवळजवळ पेटीतच गेलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. कुणी घाई केली नाही.

"रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

कुलूप लागलं. इवाओ-साननी मतपत्रिकेवर पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव लिहिलं, घडी घालून ती पेटीत टाकली. तोमि-सान भिंतीशी उभ्या राहिल्या.

बाहेर आल्यावर इवाओ-साननी टोपलीतून काकी (टोमॅटोसारखी दिसणारी गोड फळं) काढून तोमि-सानच्या पिशवीत भरली. "पुढच्या वेळी मला उशिरापर्यंत झोपता येईल," ते म्हणाले आणि धुक्यात उतरून गेले. पायांना काहीही झालेलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी ओनिगिरि (भाताचे तिकोनी गोळे) वाटले. मिसाको-साननी हातात घेतला, खाल्ला नाही. तोमि-साननी मला विचारलं, "तुमच्याकडे पेटी कोण बघतं?" आमच्याकडे यंत्र असतं आणि आधी ते पक्षांची माणसं तपासतात, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. माझं नाव अजून पुण्याच्या यादीत आहे, जपानला आल्यापासून मी मत दिलेलं नाही, हे मात्र मी सांगितलं नाही. तिथं माझ्या आधी पोहोचायला कुणी धडपडत नाही.

ग्योतोकुला उतरल्यावर मिसाको-साननी वाटेतली शाळा दाखवली. "आई, मतदान इथं असतं. पुढच्या खेपेला मी तुला पहाटेच घेऊन येईन. सगळ्यांच्या आधी."

तोमि-सान फाटकाशी थांबल्या. पटांगणात मुलं फुटबॉल खेळत होती. काकींची पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "इथं मी कुणाच्या आधी येऊ?"