ओल्या लोकरीवर भंडारा

एअरब्रश वापरणाऱ्यांनो, कुणीतरी लवकर उत्तर द्या. दुपारपासून जेवण गेलं नाही.

मी नवशिकी आहे. रंग दुधाइतका पातळ करायचा, आधी हवा सोडायची, मग रंग, आणि हात चालता ठेवायचा, एवढंच येतं. तेही कागदावर. तरी सांगोल्याकडचे माझे मामा आज मोटारसायकलची टाकी घेऊन माझ्याकडे जुळे सोलापूरला आले. "माझा मेंढा काढ की हिच्यावर. फोटू हाय."

टाकी घासून, पुसून तयार केली, तर मामांनी वरून चिमूटभर भंडारा उधळला. "आदी देवाचं, मग तुजं."

पुसू का, म्हणायला जीभ रेटेना. ते चहाला आत गेल्यावर समोरची बाजू हळूच पुसली. पेट्रोलच्या झाकणाभोवतीची खाच मात्र पुसायची राहिली.

शिंगं जमली, लोकरही जमली. तेवढ्यात खाचेत हवा घुसली आणि तिथली हळद उडून ओल्या पांढऱ्या लोकरीवर बसली.

चहा पिऊन मामा बाहेर आले, वाकून बघू लागले. मग हसले. "जत्रंत असाच दिसतो गं त्यो!"

मी फडकं उचललं, तर त्यांनी हात धरला. "त्याच्या अंगावरचा भंडारा पुसायचा न्हाय."

उद्या यावर चमकीचं पारदर्शक लॅकर मारायचंय. हळदीवर ते धरेल का? पुढं पोपडे सुटले तर मामा मला एका शब्दानं बोलणार नाहीत. मेंढ्याला काहीतरी होणार, असा धसका घेतील. रोज गोठ्यात जाऊन त्याला बघत बसतील.

तुम्ही असता तर गुपचूप पुसलं असतं का?