शाबूत नाक

"पंचानं घालवलं बघा. नायतर आपलं पोरगं काय हारतंय व्हय?"

बाहेरच्या खोलीतून हे ऐकू आलं तेव्हा मी चहा गाळत होते. बोलणारे काका आमच्या पिठाच्या गिरणीसमोर सायकलचं दुकान चालवतात. त्यांनी सामना पाहिला नव्हता. त्या रविवारी सकाळी पप्पांच्या भोवती बसलेल्या पाच जणांपैकी कुणीच पाहिला नव्हता. माझा धाकटा भाऊ आदल्या दिवशी बॉक्सिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेतून परत आला होता, पहिल्याच सामन्यात हरून, आणि तेही सलग दुसऱ्या वर्षी. मी तो सामना मोबाइलवर चार वेळा पाहिला होता. दुसऱ्या राउंडला पंचांनी त्याच्यासमोर उभं राहून आठपर्यंत आकडे मोजले, तिसऱ्या राउंडला सामना थांबवला. थांबवला ते बरं झालं, असं मला वाटलं होतं. घरात असं वाटणारी मी एकटीच होते.

"समोर कोण हुता?"

"तिकडचाच कोणतरी. पंचबी तिकडचाच असणार की."

"आपली पोरं वर गेल्याली चालत न्हाईत त्यास्नी. पैलवान, तक्रार ठोका. लेखी. आसं सोडायचं न्हाय."

पैलवान म्हणजे माझे वडील. चोविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि त्यांची कुस्ती सुटली, पण गल्ली अजून त्यांना त्याच नावानं हाक मारते. तालमीत मोडलेले त्यांचे कान पाहुण्यांना आधी दिसतात, मग ते स्वतः.

"तक्रार इंग्लिशमधनं लागंल," पप्पा म्हणाले. "आमची मॅडम हाय की. बोलत न्हाय कधी, पर लिहिती झकास."

सगळे हसले. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, कप दिले आणि आत आले.

आमच्या घरात इंग्लिश मिडीयम माझ्या वाट्याला आलं ते भावामुळेच. तो पैलवान होणार हे पाळण्यातच ठरलं होतं. त्याला जवळची कुठलीही शाळा चालणार होती, तालमीत वेळेवर पोचलं म्हणजे झालं. म्हणून मग मुलगी तरी शिकू दे. पुढे घरात येणारा प्रत्येक फॉर्म, प्रत्येक ई-मेल, प्रत्येक परका फोन माझ्या हातात दिला जाऊ लागला. भावाच्या खेळाबद्दलचं सगळं आधी मला कळायचं, आणि त्याबद्दल माझं मत कुणी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. न विचारता बोलायची मला सवय नाही.

तालमीत तो वाईट नव्हता. पण शंभर किलोच्या पुढचे पैलवान आमच्याकडे गावोगाव आहेत. राधानगरीकडून येतात, कुरुंदवाडकडून येतात. तो पंधरा वर्षांचा असताना शाळेतल्या खेळाच्या सरांनी पप्पांना सांगितलं की बॉक्सिंगमध्ये एवढ्या वजनाचा पोरगा अख्ख्या जिल्ह्यात नाही. ते खरं होतं. इतकं खरं, की पहिल्या जिल्हा स्पर्धेत त्याच्या वजनगटात त्याचं एकट्याचंच नाव आलं. तो रिंगमध्ये चढला, पंचांनी त्याचा हात वर केला, तो खाली उतरला. सुवर्णपदक. संध्याकाळपर्यंत चौकात डिजिटल लागलं. वीस फुटी फलकावर ग्लोव्हज घातलेला तो, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो, बहुतेक सगळे गॉगल लावलेले. हलगी वाजली, गुलाल उडाला, बापलेकांना फेटे बांधले. मी गच्चीवरून बघत होते. त्या दिवशी त्यानं एकही ठोसा मारला नव्हता, खाल्लाही नव्हता. राज्य स्पर्धेत दोन सामने झाले. समोरचे दोघंही नुसतेच जाड होते. भावानं अंगावर भार टाकला की त्यांना धाप लागायची. पुन्हा डिजिटल लागलं.

तो खरोखरच चांगला होता, हेही लिहायला हवं. एवढ्या देहाला न शोभणारी हलकी पावलं होती त्याची. त्याच्या उजव्या ठोशानं सरावाची जड बॅग हुकावरून निसटायला बघायची. बाहेरून आलेले प्रशिक्षक त्याला पाहून एकमेकांकडे बघायचे, ते मी पाहिलंय. म्हणूनच जास्त राग येतो.

सराव तेच खेळाचे सर एका शाळेच्या हॉलमध्ये घ्यायचे. बाकीची पोरं साठ-सत्तर किलोंची. भावानं त्यांना लागेल असं मारायचं नाही, आणि त्यांचा हात त्याच्या हनुवटीपर्यंत पोचायचा नाही. पप्पा रोज दुधाची किटली घेऊन दारात उभे असायचे, तालमीत उभे राहायचे तसे. भाऊ जरा अडखळला की ओरडायचे, "धर! धर त्येला!" तो धरायचा. बॉक्सिंगमध्ये धरणं हा दोष असतो, हे सरांनी दोनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

एकदा सुट्टीच्या दिवशी इचलकरंजीहून एक जण आला. यंत्रमागावर काम करणारा, वयानं भावापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, वजनानं थोडा कमी पण उंच, हात लांब. पूर्वी कुठंतरी नीट शिकलेला असावा. सरांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. एका अर्जाबरोबर व्हिडिओ पाठवायचा होता म्हणून मी कोपऱ्यात मोबाइल धरून होते. दोन मिनिटांत त्यानं भावाच्या नाकावर तीन ठोसे मारले. फार जोरात नाही, पण नेमके. रक्त आलं. भावानं तोंड फिरवलं, मग पुढं होऊन त्याला कमरेत धरलं आणि उचलून खाली ठेवलं.

पप्पा किटली दारातच ठेवून आत आले. "तोंडावर मारतोस व्हय रं? ही कुठली रीत?"

"काका, बॉक्सिंग हाय हे," तो माणूस हसत म्हणाला. "तोंडावर न्हाय तर कुठं मारू?"

तो एकटाच हसला. तालमीत समोरच्याच्या तोंडावर हात टाकला तर कुस्ती थांबते आणि भांडण सुरू होतं. तिथं तो खेळाचा भाग नसतो, अपमान असतो. पप्पांनी उभ्या आयुष्यात हाडं मोडून घेतली, पण तोंडावर मारलेलं कधी खपवून घेतलं नव्हतं. पोराला मारलेलं ते कसं खपवून घेणार? त्यांनी सरांना बाजूला घेतलं. "स्पर्धा जवळ आलीया. पोराचं नाक मोडलं तर कोण जबाबदार? ह्येची जोड नको." तो हॉल पप्पांच्या ओळखीनं मिळाला होता. सरांनी मान हलवली. त्या माणसाला कुणी येऊ नको म्हटलं नाही, फक्त पुढच्या वेळी त्याच्यासमोर कुणाला उभं केलं नाही. त्यानं दोन सुट्ट्या एकट्यानं बॅगेवर हात चालवले आणि यायचा बंद झाला.

घरी येऊन मी तो व्हिडिओ हळू करून पाहिला. तिन्ही वेळा ठोसा पोचायच्या आधीच भावाचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि हनुवटी वर गेलेली होती. मग मी जुने व्हिडिओ काढले. राज्य स्पर्धेतल्या त्या दोन जाड मुलांपैकी कुणी चुकून हात उगारला तरी तेच. इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्याच्यावर कुणी नीट हात उगारलाच नव्हता. मी मोबाइल बाजूला ठेवला आणि कणीक मळायला गेले.

गेल्या वर्षी तो पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत हरला, त्यानंतर आठवड्यानं फोन आला. एका मोठ्या प्रशिक्षण केंद्राचे सर होते, दक्षिणेकडचे, हिंदी बेताचीच. पप्पांनी 'हॅलो, हॅलो' करून फोन माझ्याकडे दिला. तेव्हाही घरात हीच मंडळी बसलेली होती. भाऊ दाराला टेकून उभा होता.

सर इंग्लिशमध्ये बोलत होते, भराभर आणि रोखठोक. असा मुलगा मला दहा वर्षांत दिसला नाही, म्हणाले. पण त्याला तुमच्या घरी कुणी मार खाऊ दिलेला नाही. तो डोळे मिटतो. खालच्या पातळीवर त्याचं वजन पुरतं, वर त्याच्याच वजनाची आणि बघून मारणारी माणसं असतात. वर्षभरासाठी माझ्याकडे पाठवा. स्पर्धा नाही, पदक नाही, फोटो नाही. तो दुसऱ्यांच्या सरावाला उभा राहील आणि रोज मार खाईल. कदाचित महिन्यात पळून येईल. टिकला तर बॉक्सर होईल.

मी 'येस सर, येस सर' म्हणत होते. फोन ठेवला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणाला?"

"चांगला आहे म्हणाले," मी म्हटलं. "सराव थोडा वाढवा म्हणाले."

"बघा!" सायकलवाले काका म्हणाले. "फोन करून सांगायलाय म्हंजे काय चेष्टा हाय?"

मी असं का केलं याची कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा दिली. एवढ्या माणसांसमोर भावाला भित्रा ठरवायचं नव्हतं, पप्पांचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता. ही कारणं खोटी नाहीत. पण त्याच्या आधी सहा महिने मला पुण्यात नोकरी मिळाली होती. पप्पा म्हणाले होते, पोराचे फॉर्म, फोन कोण बघणार, इथंच काहीतरी बघ. मी इथंच काहीतरी बघितलं. आणि आता लांबून बोलावणं भावाला आलं होतं. तो फोन कानाला असताना हे माझ्या डोक्यात होतं. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतरचं वर्ष त्यानं इथंच काढलं. खुराक वाढला, बॅग नवी आली, वाढदिवसाला डिजिटल लागलं.

या वेळी सामना संपल्यावर त्याच सरांचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. गेल्या वर्षी तुम्ही काही कळवलं नाही, असं एकच वाक्य तक्रारीचं, आणि मग: जागा अजून आहे, बुधवारपर्यंत कळवा, पुढच्या वर्षी त्याचं वय शिकण्याचं राहणार नाही. ते स्पर्धेच्या समितीवरही होते. पप्पा जी तक्रार पाठवायला निघाले होते, ती त्यांच्याच टेबलावर जाऊन पडणार होती.

चहा संपल्यावर पप्पांनी मला हाक मारली. मी लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसले. भाऊ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. डावा डोळा जांभळा झाला होता, ओठ सुजला होता. नाक मात्र शाबूत होतं. घरी आल्यापासून तो माझ्याशी एकच वाक्य बोलला होता, "ताई, त्यो व्हिडिओ डिलीट मार."

"लिही," पप्पा म्हणाले. "पंचानं पक्षपात केला. पोरगं चांगलं उभं असताना सामना थांबवला."

"चांगलं न्हाय, ठणठणीत लिव्हा," कुणीतरी सुचवलं.

"आमच्या खेळाडूचं भविष्य बरबाद केलं. ह्ये पण घाल."

"आणि आमदार सायबाचं नाव घाला. नाव घातल्याशिवाय भीती वाटत न्हाय त्यास्नी."

"तक्रार नको, पप्पा," भाऊ म्हणाला.

"तू गप. तुला काय कळतंय? तुझ्यावर अन्याव झालाय."

"झाला न्हाय की," तो म्हणाला, पण इतक्या हळू की ते बहुतेक मलाच ऐकू गेलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, चांगल्या डोळ्यानं. "मला कळंना झालंय ताई, ठोसे दिसतच न्हाईत मला. दिसायच्या आधीच लागत्यात. काय चुकतंय काय म्हाईत."

"नजर लागलीया, दुसरं काय," काका म्हणाले. "एवढी डिजिटलं लावल्यावर लागणारच."

"लिहिलंस का?" पप्पांनी विचारलं.

मी तारीख आणि 'रिस्पेक्टेड सर' एवढंच लिहिलं होतं. लॅपटॉप मिटला. माझा आवाज नेहमीसारखा बारीकच निघाला. पप्पांकडे बघायचं धाडस झालं नाही. मी भावाकडे बघत राहिले.

"त्या फोनवरच्या सरांनी तुला गेल्या वर्षीच बोलावलं होतं. मी खोटं सांगितलं, सगळ्यांना. आता परत बोलावलंय, बुधवारपर्यंत कळवायचंय. ठोसा यायच्या आधी तू डोळे मिटतोस. तिथं ते उघडे ठेवायला शिकवतील, आणि वर्षभर रोज तोंडावर मार पडेल. जाणार का?"