तिसरं बटण लाल आहे

मॅडमनी एक, दोन, तीन मोजलं आणि साठ पोरं माझ्या बापाच्या फुटलेल्या डोक्याकडे बोट करून एका आवाजात ओरडली, "खोटी."

मीही ओरडले. हे आधीच सांगून टाकते. शेवटी सांगितलं असतं तर मी माझी बाजू सजवली असं तुम्ही म्हणाला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

आठवीत होते. घर जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत, शाळा सायकलने अर्ध्या तासावर. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तशी शाळा एकच नाही. मी तिथे शिक्षण हक्काच्या राखीव पंचवीस टक्क्यांतून गेले होते. आम्हा पोरांना तिथे नावं नव्हतीच. "पंचवीस टक्के, खिडकी लावा." "पंचवीस टक्के, मागे बसा." आम्ही खिडकी लावायचो. मागे बसायचो.

त्या वर्षी स्मार्ट बोर्ड आला. दर शनिवारी डिजिटल साक्षरतेचा तास. कम्प्युटरच्या मॅडम घेत. बोर्डावर मोबाइलवर फिरणारी एखादी बातमी यायची, फोटोसकट. मॅडम आकडे मोजायच्या, वर्गाने खरी की खोटी ते ओरडायचं. मग मॅडम बोर्डाला बोट लावायच्या आणि कुठूनतरी लाल शिक्का उडत येऊन फोटोवर आदळायचा. खोटी. धाडकन आवाजही यायचा. आम्हाला मजा वाटायची. मलाही वाटायची.

वर्षभरात एकही बातमी खरी निघाली नाही. कुठून तरी आयत्या आलेल्या स्लाइड होत्या, सगळ्या खोट्याच्या. पोरं हुशार. महिन्याभरात शिकली की फोटो बघायचाच नाही, फक्त खोटी ओरडायचं. याला म्हणे साक्षरता. डोळे मिटून एकच शब्द ओरडायला शिकवणं.

त्या शनिवारी बोर्डावर बाबा आले. भिंतीएवढे. कारखान्याच्या गेटसमोर मातीत बसलेले, एका पायात चप्पल, कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्त. निळा शर्ट. मी शर्ट ओळखला, मग चेहरा. तोवर मॅडमचं मोजून झालं होतं आणि माझं तोंड उघडलं होतं. सवयीने. शिक्का आला आणि बरोबर बाबांच्या कपाळावर बसला, जिथं सात टाके होते तिथंच.

मी उभी राहिले. म्हणाले, "मॅडम, ते माये बाबा आहेत."

वर्ग हसला. बाबांना नाही, 'माये'ला. मॅडमही हसल्या. आधी भाषा सुधार, म्हणाल्या, मग बातम्या सुधार. मी पुन्हा सांगितलं. हे बाबांच्या बुटीबोरीच्या कारखान्याचं गेट आहे, मी पाहिलं आहे, ते रक्त खरं आहे. मॅडमचं हसू गेलं. त्यांच्या हातात बोर्डावर दाखवायची स्टीलची छडी असायची, ताणली की रेडिओच्या एरियलसारखी लांब होणारी. ती दंडावर बसली. मग पोटरीवर. तरी मी बोलतच होते. तेव्हा त्यांनी माझी वेणी धरली, ओढत बोर्डापाशी नेलं आणि तोंड त्या लाल अक्षरांवर दाबलं.

"नीट वाच. काय लिहिलंय? पंचवीस टक्केवाल्यांना वाचता तरी येतं का?"

नाक फुटलं. बोर्डाला स्पर्श कळतो. माझं कपाळ लागलं आणि स्लाइड पुढे सरकली. बाबा गेले. पाच तोंडांचा नाग आला. वर्ग पुन्हा हसला, आणि कोणीतरी न सांगता ओरडलं, "खोटी."

बोर्डावरचं माझं रक्त मॅडमनी पुसायला लावलं. मलाच. मऊ फडक्याने, ओरखडा पडू नये म्हणून.

घरी मी सायकलवरून पडले असं सांगितलं.

आता बाबांचं. ते बुटीबोरीत कापडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होते. त्या शनिवारच्या तीन महिने आधी बिहारकडच्या एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला. तो किंचाळत होता आणि सुपरवायझर म्हणत होता, मशीन थांबवू नका, माल जळेल, हात आपोआप सुटेल. बाबांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. अख्खा शेड बंद. त्या माणसाची तीन बोटं गेली, हात वाचला. शिफ्ट सुटल्यावर सुपरवायझर आणि त्याची दोन माणसं गेटवर उभी होती. लोखंडी पट्टीने मारलं. "मशीन तेरे बाप की है क्या?" असं विचारत मारलं. "लय कायदा शिकले बे तुमी जयभीमवाले," असं म्हणत मारलं. सोबतच्या एका कामगाराने फोटो काढला. तेवढाच पुरावा. बाबांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, फोटो दिला. तपास चालू आहे, असं दर खेपेला ऐकून परत येत.

शनिवारनंतरच्या बुधवारी बाबा पुन्हा ठाण्यात गेले. ठेकेदाराचा माणूस तिथे आधीच खुर्चीवर बसलेला. त्याने साहेबापुढे मोबाइल धरला. मॅडमनी त्या तासाचा व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, शाळेचं कौतुक म्हणून. तिथून तो कुठे कुठे गेला. बोर्डावर बाबा, त्यांच्यावर शिक्का, आणि साठ पोरं ओरडतात. ठेकेदाराचा माणूस साहेबाला म्हणाला, बघा, शाळेत शिकवतात हा फोटो खोटा आहे म्हणून. मग त्याने व्हिडिओ थांबवला, बोटांनी मोठा केला आणि बाबांकडे फिरवला. शेवटच्या बाकावर मी. तोंड उघडं.

"पहचाना? तेरी ही लडकी है ना?"

माझं नाक फुटलं ते त्या व्हिडिओत नव्हतं. ओरडणं संपल्याबरोबर तो कापला होता.

बाबा घरी आले. चप्पल काढली नाही. दारातूनच विचारलं, "तू बी ओरडली काय वं?"

मी हो म्हटलं.

बाबांनी मला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी असं मारलं की माझा कान शिट्टीसारखा वाजायला लागला. मग वाकून, अगदी तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले, "हे सांग आता. खरी का खोटी?"

आई मधे पडली. "पोरीले काहून मारता? तिले मारून तुमचं डोक्सं जुळते काय?"

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची पाठ हलत होती. मी त्यांना ना नाकाचं सांगितलं, ना छडीचं. काय सांगणार होते? मला मारलं ते ओरडल्यानंतर. आधी मी ओरडले होते, आणि तेव्हा मला कोणीच मारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली आणि वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत जाऊन बसले. तिथे वकिलीचा अभ्यास करणारी एक ताई बसायची. तिने सुजलेला गाल पाहिला, सुजलेलं नाक पाहिलं, म्हणाली, दोन वेगवेगळ्या दिवसांचा मार दिसतो. मी सगळं सांगितलं. तिने फोटो काढणाऱ्या कामगाराकडून मूळ फोटो मागवला, कम्प्युटरवर टाकला आणि म्हणाली, आता बातमी शोधायची नाही, फोटोच शोधायचा. हा आणखी कुठे कुठे दिसतो ते बघायचं.

पाच मिनिटं लागली. फक्त पाच. एवढं शिकवायला स्मार्ट बोर्ड लागत नाही.

तो फोटो कोणीतरी उचलला होता आणि खाली लिहिलं होतं की हा दुसऱ्या राज्यातल्या दंगलीतला आहे. ते खोटं होतं. ते खोटं आहे हे एकाने तपासून लिहिलंही होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, दंगलीची बातमी खोटी. आणि खाली, चौथ्या परिच्छेदात: फोटो बुटीबोरीतल्या कारखान्याच्या गेटसमोरचा आहे, कामगाराला मारहाण झाल्याची तक्रार आहे. स्लाइड बनवणाऱ्याने पहिली ओळ घेतली. चौथ्या परिच्छेदापर्यंत त्याची नजर पोचली नाही. मॅडमची तर पहिल्या ओळीपर्यंतही नाही. त्यांनी शिक्का पाहिला.

ताई म्हणाली, "टी अन् टा बघ. बातमी खोटी. फोटो खोटा नाही."

मी ते वहीत लिहिलं. शिक्का 'खोटी'चा होता. तो बातमीवर मारायचा होता, बाबांच्या कपाळावर नाही. अख्ख्या शाळेला मराठी शिकवायला तीन मास्तर होते आणि एका वेलांटीने माझ्या बापाचं रक्त पुसलं.

पुढच्या शनिवारी त्याच तासाची परीक्षा होती. दहा फोटो बोर्डावर येणार, कागदावर खरी किंवा खोटी यावर खूण करायची. मी दप्तरात बाबांचा निळा शर्ट घेऊन गेले. आईने धुतला होता, रक्त गेलं होतं. पण कॉलरच्या खाली तिसरं बटण लाल होतं. कंपनीचं निळं बटण तुटलं तेव्हा मी माझ्या जुन्या फ्रॉकचं काढून लावलं होतं. बाबा तसाच शर्ट घालून कामावर जात. लोक हसले तर म्हणत, पोरीनं लावलं.

सातवा फोटो बाबांचा. मी खूण केली नाही. उठले आणि बोर्डाकडे चालत गेले. मॅडम ओरडल्या, जागेवर बस. मी बोर्डावर दोन बोटं ठेवून लांब केली. बाबा मोठे झाले. आणखी लांब केली. चेहरा बाहेर गेला, रक्त बाहेर गेलं, छातीवरचा शर्ट उरला. तीन बटणं. दोन निळी. तिसरं लाल, माझ्या मुठीएवढं. मी दप्तरातून शर्ट काढला आणि त्याच्या शेजारी धरला.

"बातमी खोटी. फोटो खरा. हा शर्ट, हे बटण. हे माये बाबा."

या वेळी 'माये'ला कोणी हसलं नाही.

मॅडमनी छडी उगारली. मी तिचं टोक धरलं आणि ढकललं. ती एरियलसारखी एकेक पेर मिटत गेली आणि पार मॅडमच्या मुठीत गेली. मी वर्गाकडे वळून म्हटलं, "आता ओरडा."

कोणी ओरडलं नाही. त्याचं मला काही कौतुक वाटलं नाही. आधीही ती गप्प राहू शकली असती. मीही राहू शकले असते.

दुपारी मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं. माफीनामा टाइप करून तयार होता. मी शिस्त मोडली, शिक्षिकेच्या अंगावर गेले, वर्गात खोटी माहिती पसरवली. सही केली तर शाळेत राहीन, नाहीतर दाखला. बाबांनी कागद वाचला. हळू वाचतात ते, ओठ हलवत. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. मग बाबांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. विचारलं, "हे सायकलीनं नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"सही करू नको वं."

मी केली नाही. दाखला मिळाला. पुढचं शिक्षण महापालिकेच्या शाळेत झालं, जिथे स्मार्ट बोर्ड नव्हता आणि माझं नाव होतं.

ठाण्यातला तपास अजून चालूच आहे. सुपरवायझर दुसऱ्या कारखान्यात आहे, वरच्या जागेवर. बाबांना बुटीबोरीत कोणी कामावर घेत नाही. मॅडम तोच तास घेतात. बोर्ड नवा आला म्हणतात.

आज मी वीस वर्षांची आहे. ताईने शिकवलेली पाच मिनिटं घेऊन वस्त्यांत फिरते, विहारांत, पारशिवनीकडच्या शाळांत, जिथे दार उघडतील तिथे, आणि बाबांचाच फोटो दाखवते. कुठे कुठे मास्तर म्हणतात, दुसरा फोटो दाखवा, मुलं घाबरतात. घाबरू देत. माझ्या वर्गात कोणी आकडे मोजत नाही आणि एका आवाजात काही म्हणत नाही. कोणी काढला, कधी, कुठे, खालचं कोणी लिहिलं, हे विचारल्याशिवाय तिथे कुणी तोंड उघडायचं नाही. काहून, म्हणजे का, हा शब्द तिथे कुणालाही, कितीही वेळा म्हणता येतो.

आणि फोटो तोच राहील. शिक्क्याशिवाय. शर्ट माझ्या पिशवीत असतो. ज्याला या माणसाला खोटं म्हणायचं असेल त्याने पुढे यावं, बोटांनी तिसरं बटण मोठं करावं, शर्ट हातात घ्यावा आणि माझ्या डोळ्यांत बघून एकट्याने म्हणावं. मास्तर असो, ठेकेदार असो, ठाण्यातला साहेब असो. त्या वेळी हातात छडी आणली, तर तिचं टोक कसं धरायचं ते मला माहीत आहे. आता ते मी पोरींना शिकवते.