गव्हावर गहू

आमच्या घरी पाव यायचा तो कुणाला ताप आला की. दुधात बुडवून चमच्याने भरवायचं ते आजाऱ्याचं अन्न. माझं माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचं. भाकरी किंवा पोळी सोडून तिसरं काही मागितलं की आमच्याकडे आधी कपाळाला हात लावून बघत. त्यामुळे मस्कतला नोकरीला गेलेला माझा नवरा दोन वर्षांनी सुट्टीवर आला आणि दोरीने करकचून बांधलेल्या खोक्यातून त्याने पाव करायचं मशीन बाहेर काढलं, तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिले. इतक्या दिवसांनी माणूस घरी येतो आणि आणतो काय, तर पाव!

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलजवळच्या खांदेश्वरला तेव्हा स्टेशन व्हायचं होतं. आमच्या कॉलनीत इमारती उभ्या होत्या, बाकी सगळं यायचं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी राहायचो. ह्यांची पत्रं यायची, त्यात तब्येत, हवा, काम आणि हटकून तो मेसमधला ब्रेड. 'इथे सकाळी गव्हाचा ब्रेड असतो, इतका मऊ की बोट दाबलं तर खळगा पडतो आणि पुन्हा वर येतो.' एकदा लिहिलं, ठीक. तीनतीनदा लिहिल्यावर मला त्या ब्रेडचा राग यायला लागला. खरं सांगते, सवतीचा यावा तसा.

मुलीला बाप नीट आठवतच नव्हता. पहिल्या दिवशी ती माझ्या पदराआडून त्यांच्याकडे बघत राहिली आणि जेवताना त्यांच्यासमोरच तिने विचारलं, "आई, हे परत कधी जाणार?" ह्यांचा घास हातातच राहिला. मी तिच्या पाठीत धपाटा घातला, तो खरं तर तिच्यासाठी नव्हता.

त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की ह्यांना परत जाऊ द्यायचं नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात ह्यांच्यासारखा फिटर हवा आहे, हे माझ्या भावाने आधीच शोधून ठेवलं होतं. हे मुलाखतीला जायला तयार झाले. पगार तिथल्यापेक्षा बराच कमी होता, पण आम्हाला काही महाल बांधायचा नव्हता. प्रश्न होता तो माझ्या स्वभावाचा. तोंडाने 'राहा' म्हणायचं नाही, हा माझा हेका. ज्याला राहायचं त्याने आपणहून राहावं, मी का म्हणून पदर पसरू? मग मी ठरवलं की इथे कशाची कमीच ठेवायची नाही. ह्यांना तो ब्रेड आवडतो ना? मग तस्साच ब्रेड ह्या घरात झाला पाहिजे. मग जायला कारणच उरणार नाही. आज हसू येतं, पण तेव्हा माझं सगळं घोडं त्या पांढऱ्या डब्यावर अडलं होतं.

मशीन दिसायला पाण्याच्या छोट्या पिंपाएवढं, झाकणाला काचेची खिडकी, आत एक भांडं आणि तळाशी पीठ मळणारं छोटंसं पातं. सगळं मोजून घालायचं आणि बटण दाबायचं. जवळजवळ चार तासांनी ब्रेड तयार. यीस्टच्या पुड्या ह्यांनी तिकडून आणल्या होत्या, मोजून आठ. ते यीस्ट पनवेलच्या बाजारात मी विचारून पाहिलं, तर दुकानदाराने मला खायचा सोडा दिला.

पहिला ब्रेड आम्ही दोघांनी मिळून लावला. ओट्याला टेकून, आळीपाळीने खिडकीत डोकावत. आत पातं गरागरा फिरत होतं आणि हे मला समजावत होते, आता मळतंय, आता थांबलं, आता फुगेल. मला ब्रेडचं सोडाच, ह्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता तेवढंच कळत होतं. चार तासांनी निघाला तो पाटा. वर आलाच नव्हता. ह्यांनी सुरी लावली, मग मोठी सुरी लावली आणि गंभीरपणे म्हणाले, "उंबऱ्याखाली घालू या." मी सुरी हिसकावून घेतली.

दुसऱ्या वेळी मध्येच वीज गेली आणि मशीन सगळं विसरलं. तिसऱ्या वेळी फुगतंय का हे बघायला मी झाकण उघडून बोट घातलं. कणीक भिजवून ठेवली की बोट घालून बघायचंच, ही आयुष्यभराची सवय, ती मशीनपुढे कशी जाणार? त्यानंतर मी बोट आवरलं, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं, तरी पाटा तो पाटाच. सकाळी तो बारीक तुकडे करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन मी वाढायची. हे मुकाट्याने खायचे. मुलीला मात्र तो फोडणीचा पाव फार आवडला. बापाच्या ताटातून तुकडे उचलून खाण्यापर्यंत तिची मजल गेली होती. आता कुठे ह्यांची ओळख होत होती.

तळोज्याची मुलाखत झाली. कळवतो म्हणाले, एवढंच ह्यांनी सांगितलं. सुट्टीचे दोन आठवडे उरले आणि यीस्टच्या दोन पुड्या.

पिठात खोट असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं, कारण त्या पिठासाठी मी जिवाचा आटापिटा केला होता. घरच्या पोळ्यांचं दहा किलोचं दळण वेगळं, आणि ब्रेडचा दोन किलो गहू वेगळा. निवडलेला, उन्हात तापवलेला, छोट्या डब्यात घेऊन मी दर शनिवारी संध्याकाळी गिरणीत जायची. गिरणी शेजारच्या गावात होती. तिथली जमीन कॉलनीत गेली तेव्हा एका आगरी कुटुंबाने घराच्या ओटीवरच ती घातली होती. दळायला त्या घरची म्हातारी बसायची, भुवयांपर्यंत पांढरी झालेली. त्या शनिवारी डबा बघून ती म्हणाली, "काय गो बाय, येवराशा गव्हाचं करतंस तरी काय?"

मी सांगितलं. वैतागाने सगळंच सांगितलं, मशीन, पाटा, फोडणी. म्हातारीने पट्टा थांबवला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"आनि शनवारी आनतंस? शनवारी सगली तुमची घाटावरची मानसं जवारी घेऊन येतान. तुजा गहू त्या जवारीचेच पाटी जातो. दोन किलोत आर्धी जवारीच हाय, ती कशी फुगंल?"

मी तिथेच डोक्याला हात लावला. गिरणीच्या जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. पुरणपोळी असली की माझी आई गिरणीवाल्याला चारदा बजावायची, गव्हावर गहू दळ, ज्वारीवर टाकू नकोस. रोजच्या पोळीला मात्र कुणी एवढं बघत नाही, दहा किलोत मूठभर ज्वारी गेली तर कळतही नाही. माझ्या दोन किलोच्या लाडक्या डब्यात अख्ख्या कॉलनीच्या रविवारच्या भाकऱ्या शिरत होत्या. जितकी जास्त काळजी घेतली, तितकं वाटोळं झालं.

"मंगलवारी ये," म्हातारी म्हणाली. "गव्हावर गहू दलून देतंय."

मंगळवारी पीठ आणलं आणि बुधवारी सकाळी साडेसहाला मशीन लावलं. मुलगी शाळेत गेली, हे 'पनवेलला जाऊन येतो' म्हणून बाहेर पडले. मी झाकणाला हात लावला नाही. पोळ्या केल्या, कपडे धुतले, आणि दर पाच मिनिटांनी खिडकीत बघितलं. पीठ फुगलं. वर आलं, आणखी वर आलं, काचेला टेकेल की काय असं वाटलं. मग घरभर वास सुटला. भाजलेल्या गव्हाचा, खरपूस, थोडा गोड वास. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते.

हे आले तेव्हा ब्रेड फडक्यावर निवत होता. ह्यांनी चप्पलही काढली नाही. बोट दाबलं, खळगा पडला आणि पुन्हा वर आला. उभ्याउभ्याच एक तुकडा तोडून खाल्ला आणि म्हणाले, "अगदी तिथल्यासारखा झालाय गं."

आणि इतके दिवस ओठांत दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून सुटलं, "मग आता तिथे कशाला जाता?"

ह्यांनी खिशातून हळूच पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. परतीचं तिकीट पक्कं करून आले होते. पुढच्या दोन वर्षांच्या कराराच्या कागदावर येण्याआधीच सही केली होती. तळोज्याला गेले ते माझ्या भावाला वाईट वाटू नये म्हणून.

मी चिडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी विचारलं, "मग हे धूड कशाला आणलंत? माझं तोंड बंद करायला?"

"तुला तिकडे नेता येत नाही," हे म्हणाले. "आपल्याकडे साडेसात वाजतात तेव्हा तिथे सहा. मी ब्रेड खायला बसतो. म्हटलं, तूही त्याच वेळी तेच खात असलीस तर..." मग म्हणाले, "तू एकदा तरी 'राहा' म्हणायचं होतंस. प्रत्येक पत्रात सगळं ठीक, सगळं मजेत. मला वाटलं, तुझं माझ्यावाचून काही अडत नाही."

खरंच, मी तसंच लिहीत होते. नवरा आखातात असलेल्या शेजारणी रडून पत्रं लिहायच्या, त्यांना मी नावं ठेवायची.

हे गेले. शेवटची पुडी मी कपाटात, त्यांच्या पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवली. मशीनवर कापड घातलं. सकाळी साडेसात वाजले की माझा हात थांबायचा. दोन वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की तो थांबला नाही. मी पोळी खात असायची आणि ह्यांच्या हातात आत्ता ब्रेड असेल असं वाटायचं. मुलीचे दुधाचे दात पडून नवे आले, तिला सायकल यायला लागली, तिला गोवर निघून गेला. ह्या वेळी मी पत्रात सगळं लिहिलं, कंटाळा, भीती, आठवण. फक्त 'राहा' हा शब्द ठेवून दिला, तो समोर बोलायचा होता.

दोन वर्षांनी हे दारात आले. रिक्षा उभी होती, खोकं अजून हातात होतं. मी पाण्याचा तांब्यासुद्धा आणला नाही. म्हटलं, "राहा."

"सही केलेली नाही," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गव्हावर गहू दळून आणला आणि ती जपून ठेवलेली पुडी फोडली. ब्रेड वर आलाच नाही. यीस्ट केव्हाच मेलं होतं. ह्यांनी सुरी लावली, मग मोठी सुरी लावली.

हे त्यानंतर कुठे गेले नाहीत. आत्ताही पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेत, मध्येच चहा मागतील. तरी सकाळचे साडेसात वाजले की माझा हात अजून थांबतो. समोर बसलेल्या माणसाची मला आठवण येते. एका शब्दापायी गेलेली ती दोन वर्षं मला अजून हवी आहेत, आणि ती कुठल्याही खोक्यात बांधून आता येणार नाहीत.