दिवाकररावांनी सांगितलेला सिनेमा

दिवाकररावांना जपानी येत नव्हतं, यात त्यांचा काही दोष नाही. झाशीत कुणाला येतं? सिंचाई विभागात पस्तीस वर्षं बाबूगिरी केलेल्या या माणसाला वेळ मारून न्यायची कला मात्र उत्तम येत होती. तिच्याच जोरावर त्यांनी एक अख्खा जपानी कार्टून सिनेमा पोरीला मराठीत सांगितला होता.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची बायको कमल ग्वाल्हेरच्या इस्पितळात होती आणि ती काही परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. घरी आठ वर्षांची रुचिरा. ती रोज विचारायची, "आईला भेटायला कधी जायचं?" तिकडे कमल विचारायची, "रुचीला केव्हा आणताय?" दिवाकरराव दोघींनाही "रविवारी" म्हणत. पोरीनं आईची ती दशा बघू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खरं म्हणजे त्या दोघींना समोरासमोर बघायची त्यांचीच छाती नव्हती. माणूस आपल्या भित्रेपणाला नेहमी दुसऱ्याच्या काळजीचं नाव देतो.

रविवार आला की ते मानिक चौकातल्या व्हिडिओच्या दुकानातून कॅसेट आणत. मुलांसाठी त्या दुकानात एकच होती, कुणीतरी कुठूनतरी नकलून आणलेली. बोलणं जपानी, खाली अक्षरंही नाहीत. एक मुलगी, तळ्याच्या तळाशी बुडालेलं नगर, तिथं राहायला गेलेली तिची आई, आणि आईला आणायला मुलीला होडीतून नेणारे दोन कोल्हे. दिवाकरराव शेजारी बसून सगळ्यांची बोलणी मराठीत सांगत. थोरल्या कोल्ह्याचं नाव त्यांनी अनंतराव ठेवलं होतं. अनंतराव म्हणजे त्यांच्या दफ्तरातले बडे बाबू. कोल्हा बोलायला लागला की रुचिरा हसून हसून लोळायची. शेवटी आई घाटावर येते, मुलीच्या केसांवरून हात फिरवते, काहीतरी बोलते, आणि होडी मुलीला एकटीलाच घेऊन निघते. तिथं दिवाकरराव म्हणत, "आई म्हणतेय, तू हो पुढं, मी आवरून आलेच."

असे सहा रविवार गेले. सातव्याच्या आधी कमल गेली.

त्यानंतर दोन वर्षं रुचिरा शाळेतून आली की दप्तर न उतरवता आधी आतल्या खोलीत डोकावून यायची. दिवाकरराव बघत, आणि मूग गिळून बसत. पुढं ती शिकली, लग्न होऊन नोएडाला गेली, आणि सगळं जिरलं असं त्यांना वाटलं.

यंदा उन्हाळ्यात रुचिरा आठ वर्षांच्या लेकीला, बकुळला घेऊन प्रेम नगरच्या घरी आली, ती त्याच सिनेमाची नवी कोरी डिस्क आणि ती लावायचं यंत्र घेऊन. "मी अजून उघडलीसुद्धा नाही," ती म्हणाली. "तुमच्याबरोबरच बघायची होती. तुम्ही सांगा, बाबा. अक्षरं नकोत." दिवाकररावांनी गुडघ्याचं निमित्त करून बघितलं, चाललं नाही. दुपारी जेवणं झाल्यावर तिघं टीव्हीसमोर बसली. चित्र असं लख्ख, की कोल्ह्यांच्या मिशासुद्धा दिसत होत्या; त्या जुन्या कॅसेटवर त्या कधी दिसल्या नव्हत्या. अनंतराव बोलू लागले, रुचिरा हसली, बकुळ आईकडे बघून हसली. घाट आला. दिवाकरराव खाली बघत म्हणाले, "तू हो पुढं, मी आवरून आलेच."

"बघू तरी, ती खरं काय म्हणते," म्हणत रुचिरानं डिस्क मागं नेली आणि इंग्रजी अक्षरं लावली. वाचली. परत मागं नेऊन परत वाचली.

"ती म्हणतेय, मी येणार नाही. माझी वाट बघू नकोस."

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. यांचं फुटायला तीस वर्षं लागली, एवढंच. पण लेकच ती. बापाला सोडवायला तीच पुढं झाली.

"तुम्हाला तरी कसं कळणार, बाबा? भाषाच येत नव्हती."

"हो ना," दिवाकरराव म्हणाले. "भाषा कुठं येत होती."

हे बोलताना त्यांना हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

"लेकिन मम्मी," बकुळ म्हणाली, "मुझे तो बिना पढ़े ही समझ आ गया था. आंटी का मुँह देखो ना. वो नहीं आएगी."

रुचिरा पडद्यावरच्या त्या बाईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मलाही दिसलं होतं, बाबा. आठ वर्षांची होते, आंधळी नव्हते. पण तुम्ही सांगत होता, म्हणून मला वाटलं, मलाच नीट बघता येत नाही."

दिवाकररावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आईनं मला बोलावलं होतं?"

आताही नाही म्हणता आलं असतं. साक्षीला कुणी उरलं नव्हतं. पण समोर बकुळ बसली होती आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"रोज," ते म्हणाले.

रुचिरा उठली. टीव्ही बंद केला, डिस्क डबीत घातली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "आप चाय लेंगे?"

बाहेर सगळ्या गावाशी हिंदी, पण घरात बापलेकीत मराठीच, हे त्या घरात कुणाला कधी सांगावं लागलं नव्हतं. दिवाकरराव "हाँ" म्हणाले.

ती आणखी चार दिवस राहिली. चहा, जेवण, औषधाच्या गोळ्या, सगळं वेळेवर दिलं. मराठीत एक शब्द बोलली नाही.