सलंगातली जांभूळ

"पह्यले तो दोर ढिला करा, मंग बोला."

"अगा, ढिला कायले करू? दोन घंट्यापासून ट्रॅक्टरनं ताणून ठेवला. तुह्यं काम हलकं केलं म्या."

"काम हलकं नाई केलं घनश्याम, झाडाची कमान केली तुनं. आता मशीन लावली का ते सुटन, आन मले घेऊनच सुटन."

खुशाल हे म्हणाला आणि मशीनची पिशवी खांद्यावरून उतरवून तिच्यावरच बसला. बसला म्हणजे तलावाच्या पारीवर, बांधावर, जमलेली पंधरा-वीस माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. खुशाल एकदा बसला की लवकर उठत नाही, हे दिघोरीत लेकरालाही ठाऊक.

झालं होतं असं. तीन दिवस पावसाची झड लागलेली. तलाव तुडुंब भरला. तलावाचं जास्तीचं पाणी ज्या दगडी वाटेनं बाहेर पडतं, त्या सलंगाच्या तोंडावरच पहाटेच्या वाऱ्यात जुनी जांभूळ मुळासकट आडवी झाली. बुंधा अलीकडच्या काठावर, शेंडा पलीकडच्या भिंतीला टेकलेला. वरून वाहत आलेला बेशरमचा पाला, कचरा, कोणाची तरी तुटकी डाल, सगळं फांद्यांत येऊन गच्च बसलं. सलंग बुजला. पाणी चढायला लागलं. पार मातीची. पाणी पारीवरून एकदा उतरलं की पार लोण्यासारखी कापली जाते, आणि मग खालच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, धान उरत नाही, नुसती रेती उरते.

खाली पहिल्याच बांध्या चंद्रकांताच्या. दोन एकर रोवणा तिचा चार दिवसांपूर्वी आटोपला होता. पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, सगळे संपलेले, मूठभरही शिल्लक नाहीत. हा रोवणा गेला तर यंदा दुसरा नाही. बाई डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन सकाळपासून पारीवर उभी होती, आणि पाण्याकाठी तिनं एक काडी रोवली होती. काडी आता अर्धी बुडाली होती.

आणि हा खुशाल बसून होता.

खुशाल काही भित्रा माणूस नव्हे. बेचाळीस वर्षांचा गडी, काळा, कातीव, बोलायला तिरपा. जवानीत लाखनीला हायवेवरच्या आरागिरणीत लाकडं उतरवली. मग आंबागडकडच्या जंगलात कूपकटाईच्या कामाला आठ वर्षं. कटर मशीन, साखळीची करवत, तिथंच हातात आली. तिथंच एका आषाढात, मुकादमाची घाई म्हणून, चप्पल घालून ओल्या सागाच्या ओंडक्यावर चढला. पाय घसरला, चालू मशीन मांडीवर आली. सतरा टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर आत गेली असती तर टाके घालायलाच उरला नसता. खाटेवर पडल्या पडल्या खुशालनं एकच गोष्ट ठरवली, की ओल्या दिवसात घाई ही दुसऱ्याची असते आणि मांडी आपली.

तेव्हापासून त्याच्या तोंडात एक शब्द बसला. थांबा. झाड पाहिलं की थांबा. कोणी जवळ आलं की थांबा. वीज कडाडली की मशीन बंद, थांबा. गावानं मग नावच ठेवलं. कोणी विचारलं, लाकडं फोडायला कोणाला बोलावलं, तर उत्तर यायचं, "यष्टीच्या थांब्याले बलावलं." यष्टी येईल तेव्हा येईल.

त्यात त्याचा थाट. जाड अस्तराची पँट, खोल खाचांचे बूट, तोंडावर जाळी असलेलं टोप, कानावर वाट्या. बायको रिता रोज सकाळी हे सगळं खाटेवर मांडून ठेवते आणि शेजारणीला सांगते, "आमच्या घरी नवरदेव रोज निंगते, वरात कधीच निंगत नाई."

तर दोर.

घनश्यामनं चांगल्या मनानं केलं होतं. आमच्याकडं काहीही अडकलं, चिखलात बैलगाडी रुतली, विहिरीत म्हैस पडली, की पहिला विचार दोराचा. बांधा आणि ओढा. त्यानं जांभळीच्या मध्यावर दोर बांधला, ट्रॅक्टर लावला आणि ओढलं. झाड निघालं नाही, पण वाकलं. शेंडा हातभर उचलला गेला आणि तेवढ्या फटीतून पाणी धो धो निघायला लागलं. ट्रॅक्टरची मागची चाकं रुतली, दोर तारेसारखा तणाणला. घनश्याम खूश. गावही खूश.

"दोर सोडला तं ते हातभर वाट बी बंद होईन ना बापू," वासुदेवराव म्हणाले. वासुदेवराव तलावाच्या पाणी सोसायटीचे अध्यक्ष. उपटलेल्या जांभळीच्या मुळांचा गड्डा माणसापेक्षा उंच उभा राहिला होता आणि त्याच्यामागं झाडाच्या जुन्या खड्ड्यात छान आडोसा झाला होता. पावसाची तिरीप चुकवायला ते तिथंच छत्री उघडून उभे होते. अंगात पांढरा सदरा, हातात छत्री आणि तोंडात सल्ला.

"होईन बंद, काकाजी."

"मंग पानी चढन."

"चढन."

"पार फुटन!"

"फुटू बी शकते. पन ह्या दोरावर मी मशीन लावत नाई."

"भेला का बे?"

"हो. भेलो."

इतकं सरळ उत्तर वासुदेवरावांना पेललं नाही. ते लोकांकडं वळले. "पहा. हे आपलं वाघ. चंद्रावर जायाचे कपडे घालते, आन दोराले भेते."

लोक हसले. खुशालही हसला, पण उठला नाही. त्याची नजर दोरावर होती. ओला नायलॉनचा दोर, मध्ये एका जागी पीळ उसवलेला. तो झाड कापताना सुटला तर ज्याच्या अंगावर येईल त्याला उभा चिरेल. न सुटता झाड कापलं गेलं तर खोडाचा फटका. यातलं कोणतं होईल हे सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही तिथं मशीन लावायची नाही, एवढंच त्याचं शास्त्र. काडी आता चार बोटं उरली होती. पार फुटली तर पुढची वीस वर्षं गाव म्हणेल, खुशाल बसून होता.

"किती वेर लागन?" हे चंद्रकांतानं विचारलं.

"दोर सोडला तं घंटाभर, वैनी. बारीक बारीक करून काढतो."

"आन नाई सोडला तं?"

"तं पाच मिनिटं. नाई तं कधीच नाई."

बाईनं पाण्याकडं पाहिलं, खालच्या हिरव्या बांध्यांकडं पाहिलं, आणि घनश्यामला म्हणाली, "सोड गा दोर."

"अवो वैनी, पह्यली बांधी तुमचीच आहे!"

"म्हनूनच म्हनतो. याची टांग तुटली तं झाड कोन तोडन? तू? तुले तं तुह्या अंगनातली तुरस तोडता येत नाई. सोड."

घनश्यामनं ट्रॅक्टर इंच इंच मागं घेतला. दोर सैल पडला, जांभूळ कण्हल्यासारखा आवाज करत खाली बसली, आणि फट बुजली. धो धो थांबलं. त्या शांततेत पाऊस मोठ्यानं ऐकू यायला लागला.

आता खुशाल उठला, आणि जो आतापर्यंत बसला होता तो हाच का, असं वाटावं इतका भराभर चालायला लागला.

"राईस मिलची राखड आना. दोन पोते. ह्या दगडावर शेवाळ आहे, मले इथं उभं राह्याचं आहे." राखड आली. त्यानं ती दगडांवर पसरली, पायानं दाबली, उभा राहून कंबर हलवून पाहिली. "जमते."

मग माणसं. "बांबूच्या आकड्या घ्या. मी फांदी तोडन, मशीन बंद करन, शिट्टी वाजवन. मंग या, ओढा, आन परत मांगं जा. शिट्टीच्या आंधी जो येईन त्याले मी वळखत नाई. आन ह्या खोळी काढा डोस्क्यावरच्या. लोंबतं काहीच नाई पायजे. मशीनची साखळी पोतं धरते, मंग पोत्यातलं डोस्कं धरते."

"पावसात भिजू का मंग?"

"रोवण्यात का छत्री घेऊन रोवता?"

खोळी निघाल्या.

मशीन त्यानं हातात लोंबकळत ठेवून सुरू केली नाही. जमिनीवर ठेवली, मुठीच्या फटीत बुटाचं टोक दाबलं, ब्रेक लावला आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ती बोलली. पहिली फांदी. साल चिखलानं माखलेली होती, तिथं त्यानं आधी कोयत्यानं साल सोलली, कारण चिखलातली रेती साखळीचे दात दोन मिनिटांत बोथट करते, आणि बोथट मशीनवर माणूस जोर लावतो, आणि ओल्यात जोर लावला की पाय जातो. टोकानं काही शिवू द्यायचं नाही, हे तर त्याच्या हातालाच माहीत. टोक लागलं की मशीन लाथ मारते, गाभण म्हशीसारखी, सांगून नाही.

फांदी पडली. मशीन बंद. शिट्टी. आकड्या आल्या, फांदी गेली. पुन्हा मशीन.

एक, दोन, सात, अकरा. मध्येच वीज कडाडली, तशी त्यानं मशीन खाली ठेवली आणि पाच मिनिटं सगळ्यांना झाडापासून दूर, पारीवरच उकिडवं बसवलं. वासुदेवराव घड्याळ पाहत राहिले. चंद्रकांता काडी पाहत राहिली. काडी दोन बोटं होती. मग एक.

शेंड्याचा भार उतरला तसं फांद्यांमधून पाणी पाझरायला लागलं. पण मोठं खोड अजून सलंगात आडवं होतं, आणि पाण्याच्या रेट्यानं त्याच्या पोटाला बाक आला होता. खुशालनं जाळी वर केली, खोडाला हात लावला, म्हशीच्या पोटावर लावतात तसा. कुठं दबलंय, कुठं ताणलंय, ते पाहिलं. मग मुळांकडं पाहिलं, आणि ओरडला.

"काकाजी! तिथून निंगा!"

"मी काय तुह्या मशीनच्या वाटेत आहो? इथं कोरडं आहे."

"खोड सुटलं का हा मुराचा गड्डा आपल्या खड्ड्यात परत बसन. तुमी त्याच खड्ड्यात उभे आहा."

"अरे, एवढं झाड पडलं ते उठून बसते का?"

"थांबा" हा शब्द खुशालनं आजवर हजार वेळा म्हटला असेल. या वेळी म्हटला नाही. मशीन बंद केली, राखडीवरून उतरला, खड्ड्यात गेला, साठ वर्षांच्या अध्यक्षांच्या काखेत हात घातला आणि त्यांना पोत्यासारखं बाहेर आणून पारीवर ठेवलं. छत्री तिथंच राहिली. "छत्री, माही छत्री!" काकाजी म्हणत होते. खुशाल परत आपल्या जागेवर.

दबलेल्या बाजूनं आधी थोडं. मग मशीन काढून ताणलेल्या बाजूनं, हळूहळू, खोडाचा आवाज ऐकत. खोड आधी कुरकुरलं, मग त्यात बोटभर फट पडली. खुशालनं मशीन काढली, ब्रेक मारला आणि ठरवून ठेवलेल्या वाटेनं तीन पावलं मागं सरला.

फाड्!

शेंड्याकडचं खोड पाण्यानं उचललं आणि सलंगातून खाली नेलं. त्याच क्षणी बुंधा वर उठला, मुळांचा गड्डा डुलला आणि धप्पकन आपल्या खड्ड्यात जाऊन बसला. पायाखालची जमीन हलली. जांभळीचा बुडखा पुन्हा सरळ उभा, जणू पहाटे काही झालंच नव्हतं. छत्रीची फक्त मूठ बाहेर दिसत होती.

घनश्याम म्हणाला, "काकाजी, छत्री उघडीच ठेवली होती का?"

तेव्हा जे हसणं उसळलं, ते सलंगातल्या पाण्यापेक्षा मोठं होतं. वासुदेवराव हसले नाहीत. ते त्या मुठीकडं पाहत राहिले, आणि मग खाली बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "खुशाल, तुले पाहून राहिलो, तं तू मशीनपेक्षा वजनदार आहेस रे." त्यांच्या तोंडून याहून जास्त कधी कोणी ऐकलं नव्हतं.

पाणी उतरायला लागलं. एकदम नाही, पण उतरायला. चंद्रकांता केव्हाच खाली गेली होती. सलंगातून सुटलेल्या लोंढ्यानं पहिल्या बांधीचा कोपरा गेला होता, धुरा, म्हणजे बांधीचा काठ, फुटून पाच-सहा हात रोवणा रेतीखाली. बाकी बांध्या पाण्यात बुडालेल्या. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि वाट पाहिली. दुपार कलताना पाण्यावर आधी एक हिरवी रेघ दिसली, मग दुसरी. धानाची टोकं. वाकलेली, चिखलानं माखलेली, पण मुळं जमिनीत.

तिनं फावडं घेतलं आणि धुऱ्यावर माती टाकायला लागली. तिथूनच ओरडली, "खुशालभाऊ, ते झाड खालच्या पुलाखाली अडकलं, पहा. पानी इकडंच वळून राहिलं."

"येतो."

खुशाल पारीवर बसून कानसीनं साखळीचे दात घासत होता. प्रत्येक दाताला दोन हात, पुढचा दात. अकरा फांद्यांनी धार मारली होती. पेट्रोलची कॅन प्लास्टिकातून काढली, टोपाच्या कडेनं पाऊस अडवत टाकी भरली, झाकण पक्कं केलं. हातमोजे भिजून जड झाले होते, ते पिळून पिशवीत टाकले आणि रितानं पन्नीत बांधून दिलेली कोरडी जोडी घातली.

मग राखडीचं उरलेलं अर्धं पोतं खांद्यावर घेतलं, मशीन बंद करून हातात धरली, आणि पुलाकडं चालायला लागला. घनश्याम मागून येत होता. हातात दोर.

"तो ठेव तिथंच," मागं न पाहता खुशाल म्हणाला.