हाराचे खिळे

परवा सकाळी दुकान झाडलं, काचेचा चुरा ओल्या पेपरनं टिपून घेतला, देवाला उदबत्ती लावली,

आणि मेलेल्या नवऱ्याला नांदेडला पाठवलं.

एक बाई पोराच्या लग्नाचा फोटो घेऊन आली होती. मोठी साईज, सोनेरी पट्टी पाहिजे. टेबलाशी मी एकटी दिसले.

"मालक न्हाईत का?"

मी म्हणाले, "नांदेडला गेलेत. काच आणायला."

"मग त्यांच्याच हातानं करा म्हणावं. शुभाचं हाय."

मी म्हणाले, "हाव."

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

उमरीतलं आमचं फ्रेमचं दुकान ज्यांना माहीत आहे, त्यांना दिगंबरराव माहीत आहेत. पट्टी कापायला, काच कापायचा हिरा फिरवायला मला ह्यांनीच शिकवलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायची गोडी लागली ती फ्रेमच्या मागं लावायच्या रद्दी पेपरांमुळं. मी वाचत बसले की हे ओरडायचे, "चिकटव की आता! गिऱ्हाईक म्हातारं होऊन राहिलं तिकडं."

फोटोतला माणूस आहे की गेला, असं ह्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

हळूच म्हणायचे, "हाराला खिळे द्यायचे का?"

घरचे हो म्हणाले, की फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर दोन बारीक खिळे. पुढं एक शब्द नाही.

ह्यांचा फोटो मीच फ्रेम केला. खिळे ठोकायला हात धजला नाही.

तेराव्याला हार तसाच वरून टाकला. सारखा घसरत राहिला.

नंतर तो फोटो दुकानात लावला. दिवाळीच्या आसपास एका बाईनं तो बघितला, माझं मोकळं कपाळ बघितलं, आणि मुलीच्या लग्नाचा फोटो अर्ध्या कामातून उचलून नेला. "राग मानू नका ताई. सासरचे नावं ठेवतेत."

मी राग मानला नाही.

मी टिकली लावली, आणि ह्यांना प्लायवूडच्या मागं ठेवलं. भिंतीकडं तोंड करून.

परवाची बाई गेली तेव्हा शेजारच्या सलीमभाईंनी शिलाई मशीन थांबवली.

"भाभी, भाऊ नांदेडला चाललेत ते आधी सांगायचं की. चार रिळं मागवली असती."

ह्यांना खांदा देणाऱ्यांत सलीमभाई होते.

हसले पण नाहीत. मशीन परत सुरू केली. त्या दिवशी मी त्यांच्या माठाकडं पाण्याला गेले नाही. तोंड नव्हतं.

लग्नाची फ्रेम मीच केली. चारही कोपरे बिनफटीचे बसले. त्याची तर जास्तच लाज वाटली. माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं, आणि मी तो हात पण लपवत होते, माणूस पण.

काल सकाळी ह्यांना बाहेर काढलं. काच पुसली. वरच्या दोन कोपऱ्यांवर खिळे ठोकले आणि फोटो दारासमोर टांगला.

टिकली काढली नाही. ती मला आवडते.

दुपारी ती बाई आली. मी म्हणाले, "काल खोटं बोलले. मालक वर्षापूर्वी वारले. फ्रेम मी केलीय."

ती ह्यांच्याकडं बघत राहिली, मग पोराच्या फोटोकडं. काच बोटानं चाचपली.

"घरी इचारून येते," म्हणाली. गेली.

फ्रेम अजून टेबलावर आहे. आली तर देईन.

दिगंबरराव, दुसऱ्यांच्या माणसांना तुम्ही जन्मभर मानानं भिंतीवर लावलं, आणि मी तुम्हाला प्लायच्या मागं ठेवलं. माफ करा. आता कुठं जायचं नाही. इथंच समोर राहा, दुकान मी बघते.

काल ती बाई गेल्यावर मी बाजारातून झेंडूचा हार आणला आणि ह्यांना घातला. ह्या वेळी घसरला नाही.